पन्नास फुटी गाडी आणि बाहेर पडायची वाट

आयोवा राज्यातल्या वॉलकॉट या छोट्याशा गावाचं नाव अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकवाल्यांच्या तोंडी असतं. इंटरस्टेट ८० हा महामार्ग पूर्वेला न्यू जर्सीपासून पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत साधारण २,९०० मैल धावतो आणि वॉलकॉटला, २८४ क्रमांकाच्या एक्झिटपाशी, ‘आयोवा ८०’ हा ट्रक स्टॉप लागतो. १९६४ साली सुरू झालेला हा थांबा जगातला सर्वांत मोठा ट्रक स्टॉप म्हणून ओळखला जातो. आवारात एका वेळी शेकडो ट्रक उभे असतात. आत खाणावळ आहे, न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे, कपडे धुवायची सोय आहे. शेजारी जुन्या ट्रकांचं संग्रहालयही आहे.

दादाचं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. महामार्ग सोडून उतारावर येताच त्याने वेग कमी केला आणि मान पुढे काढून पेट्रोल पंपांची मांडणी न्याहाळायला सुरुवात केली. रांगा कोणत्या दिशेला आहेत, शेवटच्या रांगेपलीकडे मोकळी जागा किती, समोर दुकानाची भिंत येते का, आडव्या लावलेल्या मोटारी आहेत का. शेजारी बसलेल्या वहिनीने हात करून दाखवलं, “डावीकडची शेवटची लेन रिकामी आहे. समोरून सरळ निघता येतंय. घ्या.”

दादाने गाडी घेतली.

ही गाडी म्हणजे फोर्डची एफ-१५० पिकअप आणि तिच्यामागे तीस फुटी ट्रेलर. दोन्ही मिळून जवळजवळ पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटर. आपल्या एसटीच्या बसपेक्षा लांब, आणि वर मधोमध सांधा. ट्रेलरच्या आत दोन पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम असा सगळा संसार. तो तयार झाला इंडियाना राज्यातल्या एल्खार्टमध्ये. अमेरिकेतल्या अशा फिरत्या घरांच्या उद्योगाची ती राजधानीच मानली जाते. दादा-वहिनी शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन पश्चिमेला निघतात. या खेपेला त्यांच्यासोबत मीही होते. जायचं होतं वायोमिंगला, टेटन पर्वतरांगेच्या पायथ्याशी. डोंगर-दऱ्या बघायच्या म्हणून निघालेल्या मला वाटेत सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं ते पंपांवर.

दादा मूळचा शिरोळ तालुक्यातला. गळीत हंगामात तिथल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात. पंपावर वळताना ते ड्रायव्हर केवढा लांब वळसा घेतात, हे त्याने लहानपणापासून पाहिलंय. पुढच्या तोंडाने शिरायचं आणि पुढच्याच तोंडाने निघायचं, कारण एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणं जवळजवळ अशक्य. तिकडे निदान मशीनपाशी माणूस असतो. “झिरो बघा” म्हणत तोच नळी लावतो, पुढेमागे हात करून गाडीही लावून देतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कार्ड घालणं, नळी लावणं, किती मागे-पुढे घ्यायचं ते ठरवणं, सगळं आपलं आपणच.

मुळात पंपावर एवढ्या वेळा जायची वेळ का येते, तेही सांगायला हवं. रिकामी पिकअप महामार्गावर गॅलनला वीसेक मैल देते. मागे ट्रेलर जोडला की तेच प्रमाण नऊवर येतं. एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, म्हणजे लिटरला चार किलोमीटरही पुरते नाहीत. दादाच्या पिकअपला ३६ गॅलनची मोठी टाकी आहे. कागदावर हिशेब सव्वातीनशे मैलांचा होतो. समोरून वारा सुटला आणि गाडी गॅलनला सात मैलांवर आली, तर त्याच टाकीत अडीचशे मैल. यातला दोष वजनापेक्षा ट्रेलरच्या सपाट, उंच तोंडाचा जास्त. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ६० मैलांवरून ७५ केला, म्हणजे सव्वापट, की विरोध दीडपटीच्याही वर जातो. नेब्रास्कात इंटरस्टेटवर ताशी ७५ मैलांची मुभा आहे. दादा साठ-बासष्टच्या वर जात नाही. ट्रेलरचे बरेचसे टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात, हे त्याचं दुसरं कारण.

टाकी अर्धी झाली की पंप शोधायचा, हा या घराचा नियम. पाव टाकीवर आल्यावर जो पहिला पंप दिसेल तो घ्यावा लागतो. अर्ध्या टाकीवर असताना न आवडलेला पंप सोडून पुढे जाता येतं.

इथे अमेरिकेतल्या एका कायद्याचा थेट संबंध येतो. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला, आणि महामार्गाच्या स्वतःच्या हद्दीत पंप, हॉटेलं यांना मज्जाव झाला. वाटेतल्या गावांचा धंदा बुडू नये ही त्यामागची काळजी. जुन्या टोलरस्त्यांवर पंप आहेत, तेवढा अपवाद. बाकी सगळीकडे इंधन हवं तर महामार्ग सोडायचा, उतारावरून गावाच्या रस्त्याला लागायचं, पंप गाठायचा, आणि पुन्हा वर यायचं. मोटारीसाठी हा पाच मिनिटांचा मामला. पन्नास फुटी गाडीसाठी प्रत्येक एक्झिट म्हणजे नवं गाव आणि नवी वळणं. एकदा उतरलं की मधेच विचार बदलून मागे फिरता येत नाही.

म्हणून खरं काम आदल्या रात्रीच होतं. मुलं झोपली की ट्रेलरच्या छोट्या टेबलावर वहिनी फोन घेऊन बसते. आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग या राज्यांत एक्झिटचा क्रमांक म्हणजेच मैलाचा दगड, त्यामुळे दोन एक्झिटमधलं अंतर नुसत्या वजाबाकीने कळतं. टाकी कुठे निम्मी होईल त्या पट्ट्यातले तीन-चार पंप ती निवडते आणि प्रत्येकाचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र मोठं करून पाहते. वरून पाहिलं की सगळं कळतं: पंपाचं छत, मशीनच्या रांगा, आत यायची आणि बाहेर जायची तोंडं. दुकानाकडे तोंड करून उभं राहावं लागतं असा पंप ती लगेच बाद करते. पेट्रोल भरून झाल्यावर नाकासमोर दुकान आणि त्याच्या दारात लावलेल्या मोटारी येतात. दुकानाला समांतर जाणारी लेन असेल तर बरं, आणि त्यातही कडेची. आत येण्याचा रस्ता एक आणि बाहेर जाण्याचा दुसरा असेल, तर त्या पंपापुढे वहीत फुली. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी पसंती. काही राज्यांत एक्झिटच्या आधीच्या निळ्या फलकांवर पंपाच्या चिन्हाशेजारी पिवळं वर्तुळ असतं आणि त्यात काळ्या अक्षरांत ‘आरव्ही’ लिहिलेलं असतं. लांब गाड्यांना तिथे जागा आहे, ही त्याची खूण. पण अशा फलकापेक्षा वहिनीचा भरवसा स्वतःच्या वहीवर.

आयोवा ८० वर डिझेलच्या लेन प्रशस्त होत्या. ट्रकसाठीच त्या बांधलेल्या, छत उंच, पुढे-मागे मैदान. मग दादा तिकडेच का जात नाही? कारण त्याची पिकअप पेट्रोलवर चालते आणि ट्रकच्या लेनमध्ये फक्त डिझेल मिळतं. पिकअप डिझेलची असती तरी प्रश्न पुरता सुटत नाही. ट्रकच्या नळीचं तोंड जाड असतं आणि धार जबरदस्त. ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या टाक्या एकदम भरता याव्यात म्हणून मशीनही दोन्हीकडे. ते जाड तोंड सगळ्या लहान टाक्यांत बसत नाही, बसलं तर फेस येऊन धार पुन्हा पुन्हा तुटते. शिवाय तिथला शिष्टाचार वेगळा. कायद्याने ट्रकचालकाला विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि पुष्कळांचा मेहनताना मैलावर ठरतो. लेनमध्ये कुणी उगाच रेंगाळलं तर त्याची रोजीच कापली जाते. म्हणून डिझेल भरून झालं की ट्रक तिथेच सोडून कुणी कॉफी आणायला जात नाही. आधी गाडी पुढच्या रेषेपर्यंत नेऊन मागच्याला जागा देतात, मग आत जातात. काही मोठ्या ट्रक स्टॉपवर आता लांब ट्रेलरवाल्यांसाठी पेट्रोल आणि डिझेल दोन्ही मिळणाऱ्या वेगळ्या लेन झाल्या आहेत. वहिनीच्या वहीत त्यांच्यापुढे दोन फुल्या असतात.

वॉलकॉटला आणखी एक काम उरकलं. ट्रकचं वजन करणाऱ्या ‘कॅट स्केल’ या काट्यांची कंपनी १९७७ साली याच गावात सुरू झाली. काट्यावर गाडी अशी उभी करायची की पिकअपची पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या फळीवर आणि ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर येतील. हातात पडलेल्या चिठ्ठीवर तिन्ही वजनं वेगळी छापलेली होती. दादाने ती उन्हात धरून नीट वाचली आणि ट्रेलरच्या मागच्या भागातलं पाण्याचं पिंप आणि खुर्च्या काढून पुढे ठेवायला लावल्या. मागे वजन जास्त झालं की वाऱ्यात ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो.

पंपाच्या आधी थांबून करायचं एक काम तो कधी चुकवत नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर प्रोपेनचे दोन सिलिंडर बांधलेले असतात. चालू प्रवासातही काही जण फ्रिज गॅसवर ठेवतात, म्हणजे आत कुठेतरी लहानशी ज्योत पेटलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत पसरते. अशा ठिकाणी उघडी ज्योत घेऊन जायचं नाही. एक्झिटच्या अलीकडच्या विश्रांतीथांब्यावर दादा उतरतो, सिलिंडरवरचं झाकण उचलतो, दोन्ही चाव्या घट्ट फिरवतो आणि मग आत जाऊन शेगडीचं बटण दाबून खरंच पेटत नाही ना ते बघतो. थोरल्या मुलाला त्याने हे शिकवलंय. आता तोच उतरतो, चाव्या फिरवतो आणि खिडकीशी येऊन सांगतो, “बाबा, दोन्ही बंद.”

नेब्रास्कातून जाताना हा महामार्ग बराच काळ प्लॅट नदीची सोबत करतो. ही वाट इंटरस्टेटच्या कितीतरी आधीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पश्चिमेकडे निघालेल्या हजारो कुटुंबांच्या बैलगाड्या याच नदीकाठाने गेल्या, कारण बैलांना रोज गवत आणि पाणी लागायचं. मग १८६० च्या दशकात युनियन पॅसिफिक रेल्वे आली. तिच्या वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागे, आणि वायोमिंगमधली लॅरमी, रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्ज ही गावं त्या रुळांलगत वाढली. रॉक स्प्रिंग्जच्या खाणींतला कोळसा तर थेट इंजिनांच्या भट्टीत जायचा. आज वहिनीच्या वहीत पेट्रोलसाठी लिहिलेली गावं तीच आहेत. बैल गेले, वाफ गेली, पण थांबायच्या जागा फारशा हलल्या नाहीत.

नेब्रास्कातल्याच एका लहान पंपावर आम्ही एक प्रसंग पाहिला. निवृत्तीच्या वयाचं एक जोडपं आमच्याहून लांब ट्रेलर घेऊन छताखाली अडकलं होतं. पेट्रोल भरून त्यांनी निघता निघता स्टिअरिंग लगेच डावीकडे मारलं होतं. अशा वळणात दोन गोष्टी एकदम होतात. ट्रेलरची चाकं पिकअपच्या चाकांमागून तशीच जात नाहीत. ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात, म्हणजे नेमकी मशीनकडे. आणि चाकांच्या मागचा ट्रेलरचा भाग उलट बाहेरच्या बाजूला फेकला जातो. मशीनच्या रक्षणासाठी रोवलेला पिवळा लोखंडी खांब ट्रेलरच्या कुशीला टेकला होता. चाकावरच्या पत्र्याला हातभर लांब चरा पडलेला. पुढे गेलं तर पत्रा फाटणार. मागे यावं, तर मागे मोटारींची रांग.

दादाने आमची गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि तो चालत तिकडे गेला. त्याच्याआधी एक ट्रकवाला पोचला होता. दोघांनी मिळून आधी मागच्या मोटारी एकेक करून मागे काढल्या. मग त्या बाईंना चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल अशा जागी उभं केलं आणि पिकअपमधल्या आजोबांना सांगितलं, स्टिअरिंग खालच्या बाजूने धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जाईल. रिव्हर्समध्ये ट्रेलर उलट वागतो आणि भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. हात खाली धरले की डोकं शांत राहतं. फूट-दीड फूट मागे, थांबा, पुन्हा बघा. खांब आणि पत्रा यांच्यात बोटभर फट पडली, मग हातभर. त्यानंतर ट्रेलरची चाकं खांबापलीकडे जाईपर्यंत गाडी नाकासमोर सरळ पुढे नेली आणि तेव्हा कुठे वळवली. आजोबा खाली उतरले, त्यांनी दोघांचे हात हातात घेतले, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

वायोमिंगमध्ये शिरलं की रस्ता चढायला लागतो. शायेन आणि लॅरमीच्या मध्ये शर्मन समिट येतं, ८,६४० फूट, इंटरस्टेट ८० वरची सर्वांत उंच जागा. तिथे उंच दगडी चौथऱ्यावर लिंकन यांचा भलामोठा अर्धपुतळा आहे. त्यापुढे लॅरमी ते रॉलिन्स हा शंभरेक मैलांचा टापू वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध. १९७० साली हा भाग वाहतुकीला खुला झाला तेव्हापासून हिवाळ्यात तो वारंवार बंद ठेवावा लागतो, आणि वारा फार वाढला की रिकामे, उंच ट्रेलर त्यावर सोडत नाहीत. लॅरमीत टाकी पाऊण भरलेली असूनही वहिनीने भरून घ्यायला लावली. रॉलिन्सला पोचेपर्यंत काटा कुठे आला होता ते पाहून मला तिचं म्हणणं पटलं.

रॉलिन्सच्या अलीकडे सिंक्लेअर नावाचं गाव महामार्गावरूनच दिसतं: तेलशुद्धीकरणाचे मनोरे, टाक्या आणि वाफ. हिरव्या डायनासोरची खूण मिरवणाऱ्या सिंक्लेअर पंपांचं नाव आणि या गावाचं नाव एकच. या भागात पंपावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. डोंगराळ पश्चिमेत साधं पेट्रोल बऱ्याच ठिकाणी ८५ ऑक्टेनचं असतं. बाकी देशात ते ८७ चं. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ८५ चालून जाई. दादाच्या पिकअपचं इंजिन टर्बोचं आहे. टर्बो विरळ हवासुद्धा दाबून आत भरतो, म्हणजे उंचीचा तो फायदा उरतच नाही, आणि गाडीच्या पुस्तकात किमान ८७ लिहिलंय. मागे ट्रेलर, समोर चढ आणि टाकीत कमी ऑक्टेन, असं झालं तर इंजिन ठोके देतं. सवयीने सगळ्यांत स्वस्त बटणाकडे गेलेला माझा हात दादाने अलगद बाजूला केला आणि आकडा दाखवून मधलं बटण दाबलं.

रॉक स्प्रिंग्जला महामार्ग सोडायचा होता. तिथून १९१ क्रमांकाचा रस्ता उत्तरेला पाइनडेलकडे जातो. शंभर मैल, दोन्ही बाजूंना सेजचं करडं माळरान आणि वस्ती अगदी तुरळक. मुक्कामाला पोचल्यावर ट्रेलर तळावर सोडून नुसती पिकअप घेऊन पंपावर जाता येतं, तो सगळ्यांत सोपा उपाय. पण त्याआधीचे हे शंभर मैल होते. चाक आता वहिनीकडे आलं होतं. पंपाच्या आवारात शिरल्यावर ती थेट मशीनकडे गेली नाही. तिने सगळ्या आवाराला सावकाश एक फेरा मारला, पलीकडचं तोंड उघडं आहे ना ते पाहिलं, आणि मग कडेच्या लेनमध्ये गाडी नेऊन अशी उभी केली की टाकीचं झाकण बरोबर नळीसमोर आलं.

पेट्रोल चालू असताना रस्त्यावरच थबकलेल्या एका पिकअपची काच खाली झाली. मागे घोड्यांचा लांब ट्रेलर. जाळीतून दोन नाकपुड्या बाहेर आलेल्या. टोपीवाल्या चालकाने ओरडून विचारलं, पलीकडून निघायला जागा आहे का? वहिनीने चार पावलं पुढे जाऊन त्याला हाताने वाट आखून दाखवली: गाड्या धुवायच्या शेडच्या मागून यायचं, कचऱ्याच्या पेटीपासून लांब राहायचं, दुसऱ्या खांबाच्या पुढे जाईपर्यंत वळायचं नाही. मग मशीनकडे बोट करून म्हणाली, “पाचच मिनिटं थांबा, आमची होतेच आहे. हीच लेन घ्या.”